हात कुणाचा

“हा माणूस रणधीर मुळीक नाही.”

एवढंच लिहिलं होतं. खाली नाव नाही, गाव नाही. ‘फुंकर’च्या पेजवर आठवड्याला ढीगभर प्रतिक्रिया येतात आणि त्या वाचायचं काम माझं. असल्या खोडसाळ ओळी मी पोत्यानं पाहिल्यात. कुणाला आमचे विनोद झोंबतात, कुणाला आमची कोल्हापुरी बोली खुपते. एका गृहस्थांना तर माझ्या हसण्याचा त्रास होतो, आणि तरी ते एकही भाग चुकवत नाहीत. मी ती ओळ वाचली, बरं बाबा म्हटलं आणि पुढं गेले.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या मधल्या सुट्टीत फोन उघडला, तर त्या ओळीखाली शेकड्यानं उत्तरं. भांडणं, आकडे, आलेख. आणि सगळ्यांत वर ओजस धामणेचं. “मी स्वतः तपासलं. दुर्दैवानं खरं दिसतंय.”

आता जरा मागचं सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल ह्या बाईचं डोकं फिरलंय. ‘फुंकर’ हा आमचा पॉडकास्ट, जुन्या टीव्ही गेमबद्दलचा. तो मी आणि माझा दादा रणधीर करतो. गेमची कॅसेट चालली नाही की ती काढायची, तोंडानं फुंकर मारायची आणि परत घालायची. हे आमच्या पिढीला कुणी शिकवलं नव्हतं, तरी गावोगावच्या पोरांनी केलं. म्हणून हे नाव. दादा कॉलेजात असताना बाबांच्या पानपट्टीच्या मागच्या खोलीत त्यानं गेम लावले होते. मी सात वर्षांनी धाकटी. पहिला रिमोट त्याचा, दुसरा माझा, यात चर्चेला जागा नव्हती. आता मी हायस्कुलात भूगोल शिकवते आणि दादाचं लक्ष्मीपुरीत दुरुस्तीचं दुकान आहे. देशभरातून लोक त्याच्याकडं जुनी यंत्रं पाठवतात, कारण असलं बारीक डाग देण्याचं, म्हणजे सोल्डरिंगचं, काम करणारा माणूस आता मिळत नाही.

पॉडकास्टमध्ये आमची एक रीत आहे. मी श्रोत्यांची पत्रं वाचते, आणि दादा त्यांना उत्तरं देत देत ‘पूलवाली’ खेळतो. त्या गेमचं खरं नाव कुणालाच माहीत नाही, कॅसेटवर चिनी अक्षरं होती. एक माणूस पुलावरून पळतो आणि त्याच्या मागं पूल कोसळत जातो, एवढीच गेम. दादा ती एकदाही न मरता संपवतो. पडद्यावर लोकांना गेम दिसते आणि कोपऱ्यात दादाचा चेहरा. बरेचजण आमच्या गप्पा ऐकायला येतात असं मी समजत होते. खरं म्हणजे ते तो पूल बघायला यायचे.

आणि ह्या ओजसनं ‘ठसा’ नावाचा प्रोग्राम तयार केला. ओजस नागपूरचा, आमचा सगळ्यांत जुना श्रोता. माणसाची सही जशी वेगळी, तशी बटण दाबायची तऱ्हाही वेगळी असते. अंगठा बटणावर किती वेळ टेकतो, सोडायला किती वेळ घेतो, डावा सुटल्यावर उजवा कधी पडतो, आणि हे सगळं दरवेळी किती मागंपुढं होतं. सेकंदाचे हजार तुकडे केले तर त्यातल्या पाच-दहा तुकड्यांचा हा मामला. तो आपण ठरवत नाही, मेंदू आणि स्नायू आपसात ठरवतात, त्यामुळं त्याची नक्कल करता येत नाही. बँका आता टायपिंगवरून माणूस ओळखतात, तेच तंत्र ओजसनं जुन्या गेमना लावलं. कुणी दुसऱ्याच्या हातानं खेळून विक्रम स्वतःच्या नावावर लावला, की ‘ठसा’ त्याला पकडतो. ऐंशीच्या वर गुण म्हणजे हात तोच, खाली म्हणजे हात दुसरा. दादानं एका अख्ख्या भागात त्याचं कौतुक केलं होतं आणि आपल्या रिमोटलाही तो जोडून घेतला होता.

दादाचे गुण वर्षानुवर्षं पंच्याण्णवच्या आसपास होते. गेल्या वर्षभरात ते उतरत उतरत चौसष्टवर आले होते, आणि कुणाचं तिकडं लक्ष नव्हतं.

संध्याकाळी मी दुकानात गेले तेव्हा दादानं रिमोट उघडून टेबलावर पसरला होता. त्यानं सगळं वाचलं होतं.

“लोकं म्हणत्यात मी भाड्यानं पोरगं आणून बसवलंय,” तो म्हणाला. “ह्या हातावर शंका, कलू. ह्या हातावर.”

“अरे, त्यांना काय कामं आहेत?”

“कामं नसली म्हणून काय झालं? तीस वर्षं खेळतोय मी.” तो चष्मा पुसत राहिला. “रबर झिजलं असणार. डाव्या बाजूचं बटणाखालचं रबर पहिलं जातं. नवीन घालतो.”

त्यानं नवीन रबर घातलं. पुढच्या भागात गुण बासष्ट. मग त्यानं पातळ टीव्ही काढून जुना डब्बा टीव्ही लावला, कारण पातळ टीव्हीवर चित्र जरा उशिरा उमटतं. गुण एकसष्ट. वायर बदलली, विजेचा दाब तपासला. तिकडं पेजवर दोन तट पडले होते. एक तट म्हणायचा चोर आहे. दुसरा तट, ओजसही आता त्यातच, दादावर जीव टाकणारा, आणि तो रोज नवं कारण शोधायचा. रबर, टीव्ही, पट्टीवरचा कार्बन, पन्नास हर्ट्‌झ की साठ. इतकी हुशार माणसं, आणि सगळी यंत्राबद्दल बोलत होती. मी त्यांना का नावं ठेवू? मीही कोणता टीव्ही घ्यावा तेच शोधत बसले होते.

मग तो आवाजी निरोप आला.

“कल्याणीताई, मी नसीम मुजावर. मिरजेत मेंदूविकारांची डॉक्टर आहे. ओपीडी संपली की तुमचा पॉडकास्ट ऐकते. हा निरोप कार्यक्रमात वाचू नका. ओजसनी टाकलेले आकडे मी बघितले. टीव्हीमुळं उशीर झाला असता तर दोन्ही अंगठ्यांना झाला असता. टीव्हीला डावं-उजवं कळत नाही. तुमच्या भावाचा उजवा अंगठा अगदी पूर्वीसारखा आहे. डावा दाबतो वेळेवर, पण सुटतो उशिरा, आणि दरवेळी वेगळ्या उशिरानं. मला फोन करा.”

मी वर्गाबाहेर व्हरांड्यात उभी राहून फोन केला. आतली पोरं दख्खनच्या पठाराचा नकाशा भरत होती.

नसीमबाईंनी सोपं करून सांगितलं. हालचाल सुरू करणं आणि थांबवणं सुरळीत ठेवणाऱ्या काही पेशी मेंदूत असतात. कंपवातात त्या मरत जातात. हात थरथरायला लागतो तोवर निम्म्याहून जास्त गेलेल्या असतात. पण त्याच्या कितीतरी आधी बोटं बटण सोडायला रेंगाळतात. डोळ्यांना ते दिसत नाही, यंत्राला दिसतं. काहींचा वास आधी जातो, काहींचा एक हात चालताना हलेनासा होतो. “आता एक नवीन औषध आलंय. उरलेल्या पेशी वाचवतं. पण थरथर सुरू व्हायच्या आधी दिलं तरच. नंतर त्याचा फारसा उपयोग नाही.”

“म्हणजे दादाला तेच आहे?”

“तपासल्याशिवाय मी काहीच म्हणणार नाही. रबरही असू शकतं.”

“रबर त्यानं नवीन घातलंय,” मी म्हटलं.

त्या म्हणाल्या, “मग मी तुमच्या जागी असते तर वेळ घालवला नसता, ताई.”

वहिनीला फोन केला. सरळ विचारायची हिंमत होईना, म्हणून इकडचं तिकडचं बोलत राहिले आणि मग सहज विचारल्यासारखं विचारलं, दादाची तब्येत कशी काय. वहिनी हसली. “त्यांना काय धाड भरलीय? फक्त नाक गेलंय बघ. परवा फोडणी पार करपली, धूर झाला, तरी ह्यांना वास नाही. आणि चालताना डावा हात हलवतच नाहीत, खिशात घातल्यागत ठेवत्यात. मी म्हटलं, काय पुढारी झालाय का?”

मी फोन ठेवला आणि घाबरले. दुसरा शब्द नाही त्याला.

दादाला सांगायला मी दुपारची वेळ निवडली, दुकानात गिऱ्हाईक नसतं तेव्हा. जे कळलं होतं ते सगळं सांगितलं. तो डाग देत होता. काम संपेपर्यंत त्यानं मान वर केली नाही.

“संपलं?”

“दादा, एकदा मिरजेला जाऊन येऊ. नाही निघालं काही तर मिसळ खाऊन परत.”

“पेजवरच्या लोकांनी चोर ठरवलं. तू म्हातारा ठरीव.”

“मी असं कुठं म्हटलं?”

“तुला पहिला रिमोट पाहिजे, कलू. लहानपणापासनं पाहिजे. सरळ मागून घ्यायचा की, एवढं लांबनं कशाला?”

मला इतका राग आला की रडूच आलं. आठ वर्षं मी ह्याची पत्रं वाचते, ह्याचा आवाज साफ करते, ह्याच्या चुकलेल्या तारखा गुपचूप कापते, आणि हा मला असं बोलतो. मी पर्स उचलली आणि निघाले. तो मागून म्हणाला, “थांब.”

मी थांबले.

“पुढच्या महिन्यात श्रोत्यांचा मेळावा आहे. तिथं खेळतो. सगळ्यांसमोर, हात दाखवून. ‘ठसा’ म्हणाला हात माझा, तर हा विषय परत काढायचा नाहीस. कधीच.”

“आणि नाही म्हणाला तर?”

“तर तुझ्या डॉक्टरीणबाईंकडं येतो. मुळीकाचा शब्द.”

तो महिना मी कसा काढला ते मलाच माहीत. आयुष्यात पहिल्यांदा मी माझा भाऊ हरावा म्हणून देवाला हात जोडत होते. तो रोज सराव करत होता.

मेळावा शाहूपुरीतल्या एका मंगल कार्यालयात होता. भरदुपारी हॉल गच्च भरला होता. कुणी जालन्याहून, कुणी पणजीहून आलेला. लोकांनी घरचे डब्बा टीव्ही उचलून आणले होते, आणि मोठ्या पडद्यावर एका बाजूला दादाचे हात, दुसऱ्या बाजूला गेम आणि खाली ‘ठशा’चा आकडा दिसायची सोय ओजसनं केली होती. वहिनी पहिल्या रांगेत जरीची साडी नेसून बसली होती. चोर म्हणणारेही आले होते. ते मागं, हाताची घडी घालून.

खेळ सुरू व्हायच्या जरा आधी ओजस मला बाजूला घेऊन गेला. चेहरा नुसता फुललेला.

“ताई, टेन्शन घेऊ नका. आम्ही दुरुस्ती घातली आहे.”

“कसली?”

“गेल्या वर्षभरात डावं बटण किती उशिरा सुटतंय, ते मोजलं. तेवढा उशीर यंत्राचा धरला आणि वजा केला. झीज गेली, दादांचा हात परत दादांचा.”

“अरे, पण झीज नाहीच आहे. रबर नवीन आहे.”

“मग कार्बन असेल. तुम्ही भूगोलवाल्या, हे आमच्यावर सोडा ना.” आणि कुणीतरी हाक मारली म्हणून तो पळाला.

नसीमबाईंनी जे हेरलं होतं, नेमकं तेच ह्या पोरांनी प्रेमापोटी पुसून टाकलं होतं. दुखणं वजा करून माणूस मोजायचा. आणि मोजलेला माणूस ठणठणीत निघणार होता. मी स्टेजकडं गेले तोवर दिवे मंदावले होते आणि दादानं रिमोट हातात घेतला होता.

पूल सुरू झाला. दादाचे हात एवढे मोठे करून मी कधी पाहिले नव्हते. नखांत दुकानातली काजळी, अंगठ्यावर डागाची जुनी खूण. पडद्यावरचा माणूस पळत होता आणि मागच्या फळ्या खाली जात होत्या. पहिला पूल, दुसरा. तिसऱ्या पुलावर डावीकडं वळून लगेच उडी मारावी लागते, तिथं तो माणूस एक फळी उशिरा सुटला. टाच निसटता निसटता तो पलीकडं गेला. मला दादा जिंकायलाही हवा होता आणि हरायलाही, आणि दोन्ही एकाच वेळी मनापासून. शेवटच्या पुलावर त्यानं पापणीसुद्धा लववली नाही. गेम संपली.

खाली आकडा उमटला. ब्याण्णव.

काय तो गलका. लोक खुर्च्यांवर चढले. मागचे घडी घातलेले हात सुटले, एकानं तर स्टेजवर येऊन दादाचे पाय धरले, चुकलो म्हणाला. वहिनी डोळे पुसत होती. आणि त्या सगळ्या गर्दीतून दादानं माझ्याकडं पाहिलं, भुवई उडवली. झालं तुझं समाधान?

मी त्याला नंतर एकट्याला सांगू शकले असते. दहा माणसांनी मला हे नंतर ऐकवलंय. पण मी माझ्या भावाला ओळखते. एकट्यात तो म्हणाला असता, हरलीस, गप्प बस. आणि पुढच्या वेळी आम्ही हा विषय काढला असता तो त्याचा हात थरथरायला लागल्यावर. ज्या जागी त्याला सबब सांगता येणार नव्हती, अशी एकच जागा होती आणि मी तिथंच उभी होते. मी माइक घेतला.

“ओजस, ती दुरुस्ती काढून आकडा दाखव.”

लोकांना वाटलं गंमत आहे. ओजसला कळलं गंमत नाही. “ताई, राहू दे ना.”

“काढ.”

“कसली दुरुस्ती?” दादानं विचारलं. त्याला खरोखर माहीत नव्हतं. ओजस चाचरत सांगायला लागला, झीज, वजाबाकी, सगळं. दादाचा चेहरा उतरत गेला. “म्हणजे माझे गुण वाढवून दिले तुम्ही?”

“वाढवून नाही दादा, फक्त...”

“काढ ते.” दादा म्हणाला. चोरी त्याला कधीच सहन झाली नाही, स्वतःच्या बाजूची तर नाहीच.

ओजसनं काढलं. अठ्ठावन्न.

मागून कुणीतरी ओरडलं, “बघा, म्हणजे फसवणूकच की.” त्याला दुसऱ्या कुणी साथ दिली नाही. कारण हात सगळ्यांनी पाहिले होते. एवढ्या मोठ्या पडद्यावर, नखांतल्या काजळीसकट. हात रणधीर मुळीकचेच होते आणि यंत्र म्हणत होतं ते त्याचे नाहीत. पहिल्यांदाच कुणी टीव्हीचं नाव काढलं नाही. दुखणं यंत्रात नाही, हातात आहे, हे हॉलमध्ये एकेका चेहऱ्यावर उमटत गेलं, आणि सगळ्यांत शेवटी वहिनीच्या. तिनं तोंडावर पदर घेतला.

दादानं डावा हात टेबलाखाली नेला.

“दादा, शब्द दिलायस,” मी म्हटलं. माइक चालूच होता, हे मला नंतर कळलं.

शब्द त्यानं पाळला. दोन दिवसांनी तो मिरजेला गेला. वहिनीला घेऊन गेला, मला नाही. तपासण्या झाल्या. कंपवातच निघाला, पण अगदी सुरुवातीचा. औषध सुरू झालं. नसीमबाई म्हणाल्या, वेळेत आलात. मी स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर ढसाढसा रडले आणि मग पेढे वाटले. बाकीच्या बायांना कळेना ह्या बाईला झालंय काय.

श्रोत्यांनी दादाच्या नावापुढचा ‘ठशा’चा आकडा काढून टाकला. ओजसनं त्याला लांबलचक माफीपत्र पाठवलं, आणि दादानं त्याला फोन करून शिव्या घालून माफही केलं. चोर म्हणणाऱ्यांनाही त्यानं माफ केलं.

माझ्याशी मात्र तो बोलत नाही. भांडत नाही, टोमणे मारत नाही, नुसता बोलत नाही. वहिनी सांगते, “त्यांना आजाराचं नाही गं एवढं. तू लोकांसमोर ते उघडं केलंस, ते टोचतंय.” मी दुकानात गेले की तो आतल्या खोलीत सामान शोधायला जातो.

पण रविवारी सकाळी तो रेकॉर्डिंगला माझ्या घरी येतो. एकही चुकवला नाही. कानाला हेडफोन लावतो, पंख्याकडं बघत बसतो. मी बटण दाबते, लाल दिवा लागतो, आणि दादा म्हणतो, “काय गं कलू, काय म्हणत्यात मंडळी?” जणू काही घडलंच नाही. माझी थट्टा करतो, माझ्या शाळेवर विनोद करतो, बाबांच्या पानपट्टीच्या आठवणी काढतो. ‘पूलवाली’ खेळतो, कधी पडतो आणि स्वतःलाच शिवी हासडतो. लोक लिहितात, तुमची दोघांची मजा हल्ली वाढली आहे. दिवा विझला की तो हेडफोन काढतो, वायर गुंडाळतो आणि जिना उतरून जातो.

परवाच्या रविवारी एका श्रोत्याची तक्रार आली. “पूर्वी पाऊण तासात आटपायचात, आता अडीच तास चालतं. जरा आवरतं घ्या.” मी ती वाचली. दादा म्हणाला, “बरोबर आहे त्यांचं. अजून किती पत्रं राहिलीत?”

“बरीच आहेत,” मी म्हटलं. एकही नव्हतं.

“मग वाच की.”

मी कोऱ्या पडद्याकडं बघत वाचायला लागले. “सावंतवाडीच्या एक बाई आहेत. त्या लिहितात, मला एक मोठा भाऊ आहे. माझ्याकडून त्याचा चारचौघांत अपमान झाला. त्याच्या भल्यासाठीच केलं, पण झाला तो झाला. तो माझ्याशी बोलत नाही. मी काय करू?”

दादाचे अंगठे थांबले. पडद्यावरचा माणूस पुलासकट खाली गेला आणि त्यानं नवीन डाव सुरू केला नाही. मी दिव्याकडं बघत होते, तो चालू आहे ना म्हणून.

“त्या बाईंना सांग,” तो म्हणाला, “थोडा वेळ लागंल.”

“सांगते.”

“आणि सांग, भावानं औषध चुकवलेलं नाही.” त्यानं नवा डाव लावला. “हं, पुढचं वाच.”